माळ्यावर कोंडलेली हवा : पंखा बसवावा की झरोके पाडावेत?

दुपारचं_ऊन

आमचं घर उतरत्या छपराचं आहे. वर पत्रा, त्याखाली लोखंडी कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि कैच्यांच्या खालच्या अंगाला प्लायचं सीलिंग. मधली पोकळी म्हणजे आमचा माळा. एका टोकाच्या त्रिकोणी भिंतीत जाळीचा एक झरोका आहे, त्याव्यतिरिक्त हवेला कुठूनही वाट नाही. दुपारी माळ्याचं झाकण उघडलं की गरम हवा तोंडावर येते. पण खरा त्रास रात्रीचा आहे. बाहेर गारवा सुटलेला असतो आणि माळ्याखालची खोली मात्र मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. तिथे माझे सासरे झोपतात. त्यांचं वय झालंय, उकाडा अजिबात सोसत नाही, आणि ते कुणाला सांगतही नाहीत. म्हणून मला हे काम या उन्हाळ्यात करायचंच आहे.

दोन मिस्त्री येऊन बघून गेले. पहिल्याने सांगितलं, त्या झरोक्यात एक्झॉस्ट पंखा लावा, काम झालं. दुसरा म्हणाला, छपरावर वाऱ्याने फिरणारे गोल पंखे बसवा. दोघांपैकी एकानेही माळ्यावर डोकं घालून पाहिलं नाही. इथे ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

कैचीवाला

ताई, दोन्ही मिस्त्रींनी हवा बाहेर कशी काढायची तेवढंच सांगितलं. ती आत कुठून येणार हे कुणीच सांगितलं नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे. एकच तोंड असलेली बाटली कितीही वेळ उघडी ठेवा, आतली हवा आतच राहते. तुमच्या माळ्याचं तेच झालंय.

माळ्याला दोन वाटा लागतात. एक खाली, वळचणीला, म्हणजे छपराचा उतार भिंतीबाहेर संपतो तिथे. दुसरी वर, आढ्याशी, म्हणजे छपराचे दोन उतार वर मिळतात तिथे. तापलेली हवा हलकी होऊन आढ्याकडे चढते आणि बाहेर पडते, तिची जागा घ्यायला वळचणीतून त्यामानाने गार हवा आत येते. याला वीज लागत नाही. वरच्या आणि खालच्या वाटेत उंचीचं अंतर जितकं जास्त तितका ओढा जास्त, पण तो उंचीच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो. उंची चौपट झाली तर प्रवाह दुप्पट होतो. झरोक्यांचं क्षेत्रफळ मात्र वर आणि खाली दोन्हीकडे दुप्पट केलंत तर प्रवाह थेट दुप्पट होतो. छपराची उंची काही आपण वाढवणार नाही, त्यामुळे आपल्या हातात आहे ते क्षेत्रफळ.

किती लागतं? अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नियमांतलं एक प्रमाण बरंच वापरलं जातं : माळ्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळाचा १५०वा भाग इतकी मोकळी वाट हवी. काही अटी पाळून ती वर-खाली जवळपास निम्मी-निम्मी वाटली असेल तर ३००वा भागही चालतो. तुमचा माळा ६० चौरस मीटर धरला तर ३००व्या भागाने ०.२ चौरस मीटर, म्हणजे २००० चौरस सेंटिमीटर. त्यातले हजार खाली, हजार वर.

आणि हे मोजमाप खरोखर मोकळ्या जागेचं आहे, चौकटीचं नाही. चौकटीत तिरक्या पट्ट्या आणि त्यामागे जाळी असली की मोकळी जागा निम्मी किंवा त्याहूनही कमी उरते. चौकट मोजून हिशोब केला तर काम अर्धवट होतं, आणि मग लोक म्हणतात झरोक्यांनी काही होत नाही.

ओलावा_नको

कैचीवाला यांना अनुमोदन. माझा अनुभव उष्णतेचा नाही, ओलीचा आहे. आमच्या न्हाणीघरातला वाफ ओढणारा पंखा ठेकेदाराने माळ्यावर सोडून दिला होता. पाईप बाहेरपर्यंत नेलाच नव्हता. सगळी वाफ माळ्यावर. थंडीत पत्र्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब लटकायचे, खिळे गंजले, प्लायवर काळी बुरशी धरली. आम्ही कित्येक दिवस छप्पर गळतंय असंच समजत होतो.

दुपारचं_ऊन, वर चढाल तेव्हा एवढं नक्की बघा : न्हाणीघराचा किंवा स्वयंपाकघराचा कुठला पाईप माळ्यावर उघडा सुटलाय का. असेल तर तो आधी घराबाहेर न्या. झरोके त्यानंतर.

फिरती_पाती

मी पंख्याच्या बाजूने बोलतो. आमच्या माळ्यावर एक्झॉस्ट पंखा आहे, तापमान ठरावीक आकड्यावर गेलं की आपोआप चालू होतो. लावल्यापासून माळ्यावरची हवा नक्कीच कमी तापते, मी थर्मामीटर ठेवून पाहिलंय. वारा पडलेला असला की झरोके काय करणार? पंखा निदान हमखास चालतो.

कैचीवाला

पंखा हवा काढतो यात वादच नाही. तो ती कुठून ओढतो ते महत्त्वाचं. वळचणीला पुरेशी वाट नसेल तर पंखा सीलिंगच्या फटींतून खालच्या खोल्यांची हवा ओढतो. खाली एसी चालू असेल तर तुम्ही पैसे देऊन गार केलेली हवा माळ्यावरून बाहेर जाते. माळ्यावरचा थर्मामीटर मात्र आकडा उतरलेला दाखवतो, कारण तिथे खोलीची गार हवा आलेली असते!

दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे म्हणून स्पष्ट सांगतो. घरात ज्याचा धूर नळीने आपोआप वर जातो असा गॅस गिझर किंवा शेगडी असेल आणि वरच्या पंख्याने घरातला दाब कमी केला, तर तो धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हातारं माणूस झोपलेल्या खोलीवर असा पंखा लावायच्या आधी हे तपासलंच पाहिजे.

तिसरं, पंखा आणि आढ्याचा झरोका जवळजवळ असले तर पंखा बाहेरची हवा त्याच झरोक्यातून ओढतो आणि लगेच बाहेर टाकतो. माळ्याचा बाकीचा भाग तसाच तापलेला राहतो. वाऱ्याने फिरणाऱ्या गोल पंख्यांनाही हेच लागू आहे. खालची वाट नसेल तर ते नुसते फिरताना दिसतात.

फिरती_पाती

मुद्दा पटला. आमच्याकडे वळचणीला सगळीकडे जाळ्या आहेत, त्यामुळे आमच्या पंख्याला हवा बाहेरूनच मिळत असावी. सीलिंगच्या फटी मात्र मी तपासलेल्या नाहीत. त्या तपासायच्या कशा?

कैचीवाला

वारा नसलेल्या दिवशी घराच्या खिडक्या-दारं लावा, माळ्याचा पंखा चालू करा आणि खाली खोलीत उदबत्तीचा धूर सीलिंगच्या कडेने फिरवा. माळ्याचं झाकण, दिव्यांची भोकं, पंख्याचा हुक, वायरिंगच्या नळ्या जिथून वर जातात ती जागा, भिंत आणि सीलिंगचा सांधा. जिथे धूर वर खेचला जाईल तिथे फट आहे.

उष्णतेची_वही

वर झालेली चर्चा चांगली आहे, पण एक मोठी गोष्ट राहिली. मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून थोडं आकड्यांत मांडते. कंटाळू नका, कारण ताईंच्या सासऱ्यांच्या खोलीचं उत्तर माझ्या मते यातच आहे.

भर दुपारी पत्रा ६० अंश सेल्सिअसला पोचला आणि खालचं सीलिंग ३५ अंशांवर आहे असं धरा. पत्र्याच्या खालच्या बाजूने सीलिंगकडे उष्णता किरणांच्या रूपात येते. दोन्ही पृष्ठभाग साधे, न चमकणारे असतील तर हा आकडा दर चौरस मीटरला सुमारे १५० वॅट निघतो. ६० चौरस मीटरला नऊ हजार वॅट. या किरणांना मधली हवा अडवत नाही. ते हवेतून आरपार येऊन थेट सीलिंग तापवतात.

आता झरोक्यांचं बघू. कैचीवाला यांनी सांगितलेले वर हजार, खाली हजार चौरस सेंटिमीटर, दोघांत दोन मीटर उंचीचं अंतर, आणि माळ्यावरची हवा बाहेरपेक्षा दहा अंशांनी गरम. नुसत्या उष्णतेच्या ओढ्याने सेकंदाला साधारण पन्नास लिटर हवा जाईल. ती आपल्याबरोबर सहाशे वॅटच्या आसपास उष्णता नेईल. वारा असेल तर यापेक्षा बरीच जास्त. पण नऊ हजारांपुढे सहाशे!

याचा अर्थ झरोके निरुपयोगी आहेत असा अजिबात नाही. ते ओल काढतात, तापलेली हवा साठू देत नाहीत, संध्याकाळनंतर माळा लवकर निववतात. ३००व्या भागाचं ते प्रमाण मुळात ओलीच्या काळजीतून आलंय, त्याच्याकडून उन्हाची सगळी उष्णता काढायची अपेक्षा चूक आहे. उष्णतेसाठी जमेल तिथे १५०व्या भागाच्या जवळ जा. आणि किरण अडवायला वेगळा उपाय करा.

तो उपाय म्हणजे पत्र्याखाली, कैच्यांच्या उताराला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल, चमकती बाजू खाली माळ्याकडे. वरच्या हिशोबात एक पृष्ठभाग असा चमकता घातला की १५० वॅटचे दहाच्या आत येतात. प्रत्यक्षात सांधे, सुरकुत्या, धूळ यांमुळे इतकं काटेकोर मिळत नाही, तरी फरक मोठाच पडतो. अट एकच : चमकत्या बाजूसमोर हवेची मोकळी जागा पाहिजे. फॉइल कशाला चिकटून दाबलं गेलं तर ते धातूच आहे, उष्णता सरळ पुढे देतं. सीलिंगवर चमकती बाजू वर करून अंथरलं तर सुरुवातीला चालतं, पण धूळ बसली की गुण जातो. म्हणून खाली तोंड करून लावलेलं टिकतं. आणि फॉइलमधून वीज वाहते, तेव्हा उघड्या वायरींजवळ नको.

दुपारचं_ऊन

वही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी झरोके करून थांबले असते तर सासऱ्यांची खोली दुपारी तशीच तापली असती. पण मग रात्री का तापलेली राहते? रात्री ऊन नसतं ना.

उष्णतेची_वही

पत्रा पातळ असतो, तो सूर्य मावळल्यावर लवकर गार होतो. दिवसभरात भिंती, प्लाय, माळ्यावरचं सामान, खोलीतलं कपाट-गादी यांनी उष्णता धरलेली असते. ती रात्री सावकाश बाहेर पडते. म्हणून दिवसा आत येऊ न देणं हा पहिला उपाय, आणि रात्री बाहेरची गार हवा घरातून वाहू देणं हा दुसरा.

छपराच्या बाहेरून पांढरा परावर्तक रंग देता आला तर तोही द्या. गडद पृष्ठभाग उन्हातली बहुतेक उष्णता शोषतो, चांगला पांढरा रंग नवा असताना त्यातली बरीचशी परत पाठवतो. ऊन पत्र्यातच शिरलं नाही तर पुढचं सगळं सोपं होतं. मळला की धुवावा लागतो.

घरटं

आमच्याकडे माळाच नाही, सपाट स्लॅब आणि खाली फॉल्स सीलिंग. आम्हाला यातलं काय लागू होतं?

कैचीवाला

पांढरा रंग पूर्ण लागू. फॉल्स सीलिंगमधली पोकळी सहसा खूप कमी उंचीची असते, तिथे झरोक्यांचा ओढा जवळजवळ नाहीच. तुम्ही खोल्यांतल्या वाऱ्याकडे लक्ष द्या. एकाच भिंतीला खिडक्या असतील तर हवा खोलीच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पट खोलवरच पोचते. समोरासमोर खिडक्या असतील तर पाच पटीपर्यंत. तेव्हा मधली दारं उघडी ठेवा, दारावर तावदानं असतील तर ती उघडा. हवा येते ती खिडकी सावलीच्या बाजूची हवी.

छताच्या पंख्याने खोलीची हवा गार होत नाही, अंगावरचा घाम वाळतो म्हणून माणसाला गार वाटतं. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवून उपयोग नाही.

सावध_सुतार

सगळे उपाय वाचले, चांगले आहेत. पण वर चढायच्या आधी माझं ऐका, मी आयुष्यभर छपरांवर काम केलंय.

छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. त्याला भोक पाडू नका, कापू नका, कोरडा ब्रश मारू नका. ती धूळ फुप्फुसात बसते आणि तिचे आजार कित्येक वर्षांनी उमटतात. असं छप्पर असेल तर जाणकार माणूसच बोलवा. तो पत्रा पायाखाली अचानक फुटतो, तेही लक्षात असू द्या.

माळ्यावर प्लायच्या सीलिंगवर पाय देऊ नका. कैचीच्या खालच्या दांडीवर भक्कम फळी टाका आणि तिच्यावरून फिरा. भर उन्हात वर जाऊ नका, पहाटे जा, खाली कुणीतरी हाक ऐकायला असू द्या. वायरींचा मेन स्विच बंद करून मगच काम. वटवाघळांची किंवा पाखरांची विष्ठा साचलेली असेल तर ती झाडू नका. मास्क लावून, आधी ओली करून काढा. पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत झरोका बुजवू नका, जाळी नंतर मारा.

दुपारचं_ऊन, तुमचा पत्रा कशाचा आहे?

दुपारचं_ऊन

लोखंडी आहे, सिमेंटचा नाही. काका, तुमचा प्रतिसाद मी घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

आज पहाटे नवरा आणि मी वर गेलो. न्हाणीघराचा पाईप बाहेर निघतोय, ते ठीक आहे. वळचणीला मात्र लाकडी पट्ट्यांत मूळच्या फटी होत्या! आधी राहणाऱ्यांनी पाखरं येऊ नयेत म्हणून त्या चिंध्या कोंबून बुजवल्यात, आणि वर आमच्या ट्रंका आणि गाद्या त्याच कडेला रचलेल्या आहेत. म्हणजे खालची वाट घराला होतीच.

उदबत्तीही फिरवून पाहिली. माळ्याच्या झाकणाच्या चारही बाजूंनी धूर वर जातो, आणि सासऱ्यांच्या खोलीतल्या पंख्याच्या हुकाजवळही.

कैचीवाला

ही फार चांगली बातमी आहे. मी असतो तर या क्रमाने केलं असतं. आधी सीलिंगच्या फटी बंद करा, झाकणाला कडेने रबरी पट्टी लावा. मग चिंध्या काढून जाळी मारा आणि सामान वळचणीपासून हातभर आत घ्या. मग आढ्यावरची टोपी थोडी उचलून सलग वाट करून घ्या, ते पत्र्याच्या कारागिराचंच काम. त्यानंतर फॉइल. ते लावताना वळचणीची फट आणि आढ्याची फट दोन्ही झाकू नका, पत्रा आणि फॉइल यांच्यामधूनही हवा चढली पाहिजे.

आढ्याची वाट झाली की त्रिकोणी भिंतीतला झरोका बंद करायचा का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मी बंद करतो, कारण तो उघडा असला तर आढ्याला हवा तिथूनच मिळते आणि वळचणीकडची हवा हलत नाही. पंखा विकत घ्यायचा विचार एवढं सगळं झाल्यावर करा. बहुतेक तो लागणार नाही.

ओलावा_नको

सीलिंगवर उष्णता अडवायला काचलोकर (ग्लासवूल) अंथरणार असाल तर तीही वळचणीच्या वाटेत शिरू देऊ नका. आमच्याकडे तेच झालं होतं. कडेला प्लायची पट्टी उभी लावून किमान दोन इंच मोकळी जागा राखली, मग ठीक झालं.

घरटं

रात्री माळ्याचं झाकण उघडं ठेवलं तर खोलीतली गरम हवा वरून निघून जाईल ना?

उष्णतेची_वही

आढ्याला वाट झाल्यावर हो. बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली की खोलीच्या खिडक्या आणि झाकण उघडा, सकाळी ऊन चढायच्या आत दोन्ही बंद करा. खिडकी बंद आणि झाकण उघडं असं करू नका. पण हे कोरड्या दिवसांतच. हवा दमट असेल तर रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतो आणि खालून वर गेलेली ओल त्याच्यावर पाणी होऊन बसते. अशा दिवसांत झाकण घट्ट बंद.

दुपारचं_ऊन

लिहून घेतलं. सासऱ्यांच्या खोलीत आणि माळ्यावर एकेक थर्मामीटर आजच लावतेय, काम व्हायच्या आधीचे आकडे हाताशी हवेत. वळचणीला जाळी किती बारीक घ्यायची?

सावध_सुतार

भोक तीन मिलिमीटरच्या आसपास असू द्या. त्याने पाखरं, वटवाघळं, उंदीर आणि बहुतेक गांधीलमाश्या अडतात. डासांची बारीक जाळी लावलीत तर ती धुळीने बंद होईल आणि वाट पुन्हा बुजेल. प्लॅस्टिकची नको, उंदीर कुरतडतात. गंज न धरणारी धातूची घ्या आणि स्क्रूने बसवा, म्हणजे साफ करायला काढता येईल. फटींची एकूण लांबी-रुंदी मोजून इथे टाका, मोकळी जागा किती भरते ते मी आणि कैचीवाला काढून देऊ.

दुपारचं_ऊन

उद्या पहाटे मोजून टाकते.